मोडलेलं घरटं: ‘चारुलता’मधली बेइमानी नेमकी कुठे आहे?

‘चारुलता’ या चित्रपटात गुन्हा म्हणावा असा एकच प्रकार घडतो, आणि तो पैशांचा आहे. नायिकेचा भाऊ तिच्या नवऱ्याचे पैसे लुबाडून बायकोसकट पसार होतो. बाकी कुणी कुणाला चोरून भेटत नाही, लपवलेल्या चिठ्ठ्या सापडत नाहीत, दार ढकलून आत आलेल्या नवऱ्याला नको ते दृश्य दिसत नाही. तरीही लग्न आणि लग्नाबाहेरचं प्रेम या विषयावरच्या जगातल्या थोर चित्रपटांमध्ये याचं नाव घेतलं जातं. पहिल्यांदा पाहणाऱ्याचा गोंधळ उडतो तो इथेच. माझाही उडाला होता. दोन तास एक बाई घरभर फिरते, दीर गाणी म्हणतो, नवरा वर्तमानपत्र छापतो. मग यात व्यभिचार आहे कुठे?

या प्रश्नाचं उत्तर चित्रपटातच आहे, पण ते संवादांमध्ये शोधलं तर हाती लागत नाही. कोण कुणाकडे बघतंय आणि कोण बघत नाही, एवढ्यावर लक्ष ठेवलं की सगळा चित्रपट उलगडतो.

आधी थोडी ओळख. सत्यजित राय यांनी हा बंगाली चित्रपट 1964 मध्ये केला. पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्यांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचं रौप्य अस्वल मिळालं, आणि भारतात ‘चारुलता’ 1964 चा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. मूळ कथा रवींद्रनाथ ठाकुरांची, 1901 सालची ‘नष्टनीड’. नीड म्हणजे घरटं. मोडून गेलेलं घरटं. काळ 1879-80 चा, स्थळ कलकत्त्यातला एक सुखवस्तू वाडा. भूपती हा पैसेवाला, सुशिक्षित, उदारमतवादी गृहस्थ. पोटासाठी काही करायची गरज नाही, म्हणून घरातच छापखाना थाटून इंग्रजी राजकीय वर्तमानपत्र चालवतो. त्याची बायको चारुलता. मूलबाळ नाही. हाताखाली नोकर आहेत, शेल्फभर पुस्तकं आहेत, आणि दिवस संपता संपत नाही.

सुरुवातीची सात-आठ मिनिटं जवळजवळ शब्दांविना आहेत. संपूर्ण चित्रपट समजून घ्यायचा तर एवढाच भाग दोनदा बघावा असं मी म्हणेन. पडद्यावर नावं येत असताना दोन हात रुमालावर भरतकाम करताना दिसतात. पानांच्या वेलबुट्टीत इंग्रजी ‘बी’ हे अक्षर भरलं जातंय. भूपतीच्या नावाचं पहिलं अक्षर. या रुमालाला विसरू नका, तो शेवटी परत येणार आहे. घड्याळाचे टोले पडतात, चारू नोकराला हाक मारून मालकांचा चहा न्यायला सांगते. म्हणजे ती कर्तव्याला चुकणारी बाई नाही, हे पहिल्या मिनिटातच कळतं. मग ती बंकिमचंद्रांचं नाव गुणगुणत कपाटातून पुस्तक काढते. रस्त्यावरून डमरूचा आवाज येतो. ती हातात धरायची छोटी दुर्बीण घेते, खिडकीच्या लाकडी पट्ट्या तिरक्या करते आणि बाहेर बघते: माकडवाला, पालखी, छत्री घेतलेला एक जाडजूड माणूस. तो पुढे सरकला की ती पुढच्या खिडकीशी धावते, मग त्याच्या पुढच्या. पिंजऱ्यातला पक्षी असं काही कुणी म्हणत नाही. खिडक्यांच्या त्या उभ्या-आडव्या पट्ट्याच ते सांगतात.

मग भूपती येतो. बाही सरसावलेली, डोकं कामात. व्हरांड्यातून खोलीत जातो, एक पुस्तक घेऊन वाचत वाचत परत येतो. चारू दोन हातांच्या अंतरावर उभी आहे. तो तिच्या समोरून जातो, त्याला ती दिसत नाही. तो पाठमोरा लांब जात असताना चारू ती दुर्बीण डोळ्यांना लावते आणि आपल्या नवऱ्याकडे बघते. मघाशी रस्त्यावरच्या त्या अनोळखी जाड्या माणसाकडे बघितलं होतं, अगदी तसंच. मग दुर्बीण खाली येते, आणि कॅमेरा झपकन मागे जातो. चारू मोठ्या घरात एकदम छोटी होऊन उभी राहते.

माझ्या मते घरटं मोडायला सुरुवात झाली ती इथे. अमल अजून घरात आलेलासुद्धा नाही. नवरा घरात असून परका होतो, आणि त्याला जवळ आणायला दुर्बीण लागते, ही गोष्ट राय एकाही शब्दाशिवाय सांगतात. मराठीत आपण ‘व्यभिचार’ म्हटलं की एक कृती डोळ्यांपुढे येते, म्हणून त्याची तारीख सांगता येईल असं वाटतं. या चित्रपटात तशी तारीख काढताच येत नाही.

भूपतीवर मात्र अन्याय करू नका. पुष्कळ जण त्याला बायकोकडे दुर्लक्ष करणारा नवरा म्हणून एका वाक्यात निकालात काढतात, आणि तिथेच चित्रपटाचं वजन कमी होतं. तो दारू पीत नाही, हात उगारत नाही, बाहेरख्याली नाही. उलट चारूने रुमाल दिल्यावर तोच विचारतो की एवढं भरायला तुला वेळ कधी मिळतो, आणि विचारता विचारता त्याच्या लक्षात येतं की हिच्याकडे वेळच वेळ आहे. त्याला वाईट वाटतं. तो उपायही करतो. चारूचा भाऊ उमापद आणि भावजय मंदा यांना राहायला बोलावून घेतो. उमापदाकडे छापखान्याचा कारभार देतो, मंदाने चारूला सोबत करायची. अडचण अशी की बायकोच्या एकटेपणावर औषध म्हणून तो दुसरी माणसं आणतो, स्वतः येत नाही. इंग्लंडमध्ये ग्लॅडस्टनचा लिबरल पक्ष निवडून येतो की डिझरायलीचा टोरी पक्ष, याची धाकधूक त्याला इथे कलकत्त्यात बसून लागलेली असते. 1880 च्या त्या निवडणुकीत लिबरल जिंकतात तेव्हा तो घरी मैफल भरवतो. त्या काळच्या कित्येक सुशिक्षित बंगाली माणसांना विलायतेतल्या उदारमतवाद्यांकडून खरोखर आशा होती, आणि भूपतीची आशाही प्रामाणिक आहे. वर्तमानपत्र त्याने चारूला सवत म्हणून आणलेलं नाही. झालं मात्र तसंच.

आता अमल. भूपतीचा आतेभाऊ, कॉलेजची परीक्षा देऊन आलेला तेविसेक वर्षांचा पोरगा. सौमित्र चटर्जींनी तो असा केलाय की घरात शिरल्या शिरल्या छत उघडल्यासारखं वाटतं. तो येतो तेच वादळासोबत. खिडक्यांची दारं आपटतायत, अंगणात धावपळ, आणि हा केस विस्कटलेला दारात उभा. चारूला तो ‘बौठान’ म्हणतो, ती त्याला ‘ठाकुरपो’. आपल्याकडचे वहिनी आणि भावजी. हे नातं समजून घेतल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही. जुन्या एकत्र कुटुंबात तरुण बाईला नवरा सोडून ज्या एका तरुण पुरुषाशी मोकळेपणाने बोलायची, थट्टा करायची, रुसायची मुभा होती, तो म्हणजे धाकटा दीर. या मुभेमुळेच घरात कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. चारू अमलसाठी पान करते, वही शिवते, गाणं ऐकते, भांडते, आणि यातलं काहीही लपून चाललेलं नसतं. नात्याला ज्या गोष्टी चालतात त्यांच्याच आडोशाने दुसरं काहीतरी वाढत जातं. आधी त्या दोघांनाही न कळत.

आणखी एक गोष्ट, जी फार वेदनादायक आहे: हे घडवून आणतो भूपतीच. चारूला साहित्याची आवड आहे हे त्याला ठाऊक आहे, स्वतःला कथा-कादंबऱ्यांना सवड नाही, म्हणून तो अमलला सांगतो की तिच्याशी लिहिण्या-वाचण्याबद्दल बोलत जा, तिला लिहितं कर. मी सांगितलंय हे मात्र तिला कळू देऊ नकोस.

बागेतला झोपाळ्याचा प्रसंग ज्याने त्याने वाखाणलेला आहे, पण तो कशामुळे इतका भिडतो हे बघण्यासारखं आहे. चारू झोपाळ्यावर ‘फुले फुले’ गातेय, अमल चटईवर पालथा पडून तिने शिवून दिलेल्या वहीत लिहितोय. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांचा कॅमेरा झोपाळ्यासोबतच हलतो. त्यामुळे चारूचा चेहरा आपल्यासमोर स्थिर राहतो आणि तिच्यामागचं सगळं जग झुलतं. मग पुन्हा ती दुर्बीण. शेजारच्या घरात एक आई बाळाला घेऊन उभी आहे. चारू बराच वेळ बघते. तिथून दुर्बीण वळते ती अमलवर. चारू झालेल्या माधवी मुखर्जी यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते वर्णन करून सांगण्यात अर्थ नाही. स्वतःच्या मनातली गोष्ट स्वतःलाच पहिल्यांदा दिसावी तसं काहीतरी आहे ते. (त्या गाण्याची चाल मुळात एका स्कॉटिश लोकगीताची. परदेशी चाल रवींद्रनाथांनी बंगालीत इतकी मुरवली की त्या बागेत ती उपरी वाटत नाही.)

त्या वहीबद्दल एक अट होती: यात लिहिलेलं छापायचं नाही, ते दोघांत राहील. अमल आपला लेख मासिकात पाठवतो आणि तो छापून येतो. तो आनंदाने सांगत येतो. चारूचा चेहरा उतरतो. पुढे लग्नाच्या नात्याबद्दल इतकं काही येतं, पण या चित्रपटात ‘तू वचन मोडलंस’ हे ज्या पहिल्या माणसाबद्दल मनात येतं तो अमल, आणि ते ज्याच्याबद्दल आहे ते म्हणजे एक वही.

यानंतर चारू लिहायला बसते, आणि माझ्या दृष्टीने हा चित्रपटाचा गाभा आहे. अमलचं लेखन अलंकारिक, शब्दांनी फुगलेलं. आधी तीही कोकिळेच्या हाकेबिकेवर लिहायला जाते, कागद चुरगाळते. मग तिच्या चेहऱ्यावर तिचं लहानपणीचं गाव उमटू लागतं: नदीवरच्या होड्या, जत्रा, चरख्याशी बसलेली म्हातारी, आतषबाजी. ती आपल्या गावाबद्दल साध्या शब्दांत लिहिते आणि अमलला ज्याचा वचक वाटतो अशा मासिकात तिचा लेख छापून येतो. ते मासिक गुंडाळून ती अमलच्या डोक्यात मारते. गंमत म्हणून नव्हे, रागाने. आणि दुसऱ्याच क्षणी त्याला धरून रडायला लागते, आता मी कधी लिहिणार नाही म्हणते.

का रडते? प्रेम व्यक्त झालं म्हणून, असं सोपं उत्तर देता येईल. मला ते अपुरं वाटतं. तिला लेखिका व्हायचंच नव्हतं, अमलला दाखवून द्यायचं होतं. आणि दाखवून देताना तिला कळलं की आपल्याला खरंच लिहिता येतं, आणि हे सगळं आपण एका माणसाने आपल्याकडे बघावं म्हणून केलं. दोन्ही गोष्टी एकदम कळणं अवघड असतं. अमल मात्र त्या क्षणी पहिल्यांदा घाबरतो. इतके दिवस तो खेळत होता. तो खेळ नव्हता हे त्याला तिच्या पकडीतून समजतं. आणि भूपती? बायकोचा लेख छापून आल्याचं त्याला मैफलीच्या संध्याकाळी एका मित्राकडून कळतं.

आता सुरुवातीच्या त्या चोरीकडे परत येऊ. उमापद पैसे घेऊन पळतो, कर्ज भूपतीच्या डोक्यावर येतं, वर्तमानपत्र बंद पडणार हे दिसू लागतं. पण भूपती मोडतो तो पैशांमुळे नाही. तो अमलजवळ मन मोकळं करतो: ज्याच्यावर इतका विश्वास टाकला त्यानेच असं करावं, मग माणसाने विश्वास ठेवायचा तरी कुणावर? राय यांनी लग्नाच्या गोष्टीत पैशांची चोरी का घातली, याचं उत्तर या एका प्रसंगात मिळतं. मूळ कथेतही ती आहे, पण चित्रपटात ती बरोबर आरशासारखी ठेवली आहे. भूपती मेहुण्याबद्दल बोलतोय आणि प्रत्येक शब्द ऐकणाऱ्या भावाला लागतोय. एकाने तिजोरी उघडली. दुसऱ्याने काहीच घेतलेलं नाही, आणि तरी त्याला मान वर करता येत नाही. त्या रात्री अमल चिठ्ठी ठेवून निघून जातो.

अमलला पळपुटा म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला तसं म्हणवत नाही. तो चारूशी बोलला असता, तर काय बोलला असता? राहिला असता, तर रोज त्याच ताटावर भावासमोर बसावं लागलं असतं. पण त्याच्या जाण्याने एक क्रूर गोष्ट घडते, हेही खरं. त्याची सद्सद्विवेकबुद्धी शाबूत राहते आणि चारूला साधा निरोपही मिळत नाही.

पुढचा थोडा भाग तर मला दर वेळी आशा लावतो. भूपती आणि चारू समुद्रकिनारी जातात. वर्तमानपत्र गेलं आहे, त्याच्याकडे आता वेळ आहे, आणि चारूच सुचवते की पुन्हा नवं पत्र काढू. राजकारणाचा भाग तुम्ही बघा, बंगाली भाग मी बघते. तो तिच्याकडे बघतो. चित्रपटात पहिल्यांदा नीट बघतो असं म्हणायला हरकत नाही. ज्या लग्नात दोघांनी मिळून करायचं काही नव्हतं, तिथे आता आहे.

घरी परतल्यावर अमलचं पत्र येतं. बाहेर पुन्हा वादळ सुटतं, खिडकी आपटून उघडते, आणि चारू कोसळते. ठाकुरपो, का गेलास, असा आकांत करते. भूपती दारात उभा असतो. त्याने काही पकडलेलं नसतं, त्याने फक्त ऐकलेलं असतं. तो घोडागाडीत बसून अंधारात भटकतो, डोळे पुसायला खिशातून रुमाल काढतो. तो चारूने भरलेला रुमाल. ज्या दुपारी तो तिच्यासमोरून न बघता गेला होता, त्या दुपारी ती हाच रुमाल भरत होती.

शेवटाबद्दल बोलण्याआधी रवींद्रनाथांचा शेवट माहीत हवा. कथेत भूपतीला सगळं कळतं ते एका तारेमुळे: परदेशी गेलेल्या अमलची खुशाली कळावी म्हणून चारूने दागिने गहाण टाकून तार केलेली असते, आणि तिचं उत्तर भूपतीच्या हाती पडतं. शेवटी तो म्हैसूरला एका वर्तमानपत्राचं काम घेऊन निघतो. मलाही न्या, असं चारू म्हणते. तो क्षणभर अडखळतो. त्याचं अडखळणं तिला दिसतं. मग तो म्हणतो, चल. आणि ती म्हणते, ‘ना, थाक्’. नको, राहू दे. तिथेच कथा संपते. या कथेमागे रवींद्रनाथांच्या स्वतःच्या वहिनी कादंबरी देवी यांची आठवण असावी, असं अनेकांना वाटत आलं आहे. दोघं जवळपास एकाच वयाचे, साहित्यातले सोबती, आणि कादंबरी देवींनी 1884 साली, रवींद्रनाथांच्या लग्नानंतर काही महिन्यांतच जीवन संपवलं. कथा त्यावर पुरावा म्हणून वाचू नये, पण तो ‘थाक्’ लिहिणाऱ्या माणसाला त्या शब्दाचं वजन माहीत होतं एवढं जाणवतं.

राय यांनी हा शेवट बदलला, बाकीही बरंच बदललं, आणि त्यावरून एका बंगाली समीक्षकाने त्यांना धारेवर धरलं. चित्रपट मूळ कथेशी एकनिष्ठ नाही, असा आक्षेप होता. राय यांनी बंगालीतच सविस्तर लेख लिहून प्रत्येक बदलाचं कारण सांगितलं. पुढे आयुष्यभर ते म्हणत राहिले की पुन्हा करायचा झाला तर एक हाच चित्रपट आपण जसाच्या तसा करू.

त्यांचा शेवट असा. भूपती रात्री घरी परततो. चारू दार उघडते, त्याला आत ये म्हणते आणि हात पुढे करते. तो बिचकतो, मग त्याचाही हात पुढे येऊ लागतो. दोन हातांमध्ये थोडंसं अंतर असताना चित्र थिजतं. मग तिचा अर्धा उजेडातला चेहरा, तोही थिजलेला. मग त्याचा. मग दिवा घेऊन येणारा नोकर. मग लांबून दोघं, त्याच व्हरांड्यात, जिथून तो त्या दुपारी वाचत वाचत गेला होता. त्यावर अक्षरं येतात: नष्टनीड.

हात मिळाले का, असं लोक विचारतात. मी कधी एका बाजूने असते, कधी दुसऱ्या. इतकं मात्र पडद्यावर स्पष्ट दिसतं की या वेळी दोघंही एकमेकांकडे बघतायत, आणि चारूच्या हातात दुर्बीण नाही.